तीन पंखे आणि तिसरा नमुना

छोटी त्रेपन्न वर्षांची होती. घरातलं शेंडेफळ म्हणून एकदा नाव पडलं ते पडलं. पुढं केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर चारदा बदलला, तरी ती छोटीच राहिली. बावीस वर्षं ती बसस्टँडवर निवेदिका होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, कोणती दीड तास उशिरा येते आहे, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं ती काचेच्या खोलीत बसून साऱ्या स्टँडला सांगायची. मग एक दिवस तिथं यंत्र आलं. यंत्राला चहा लागत नाही, रजा लागत नाही आणि सर्दी होत नाही. छोटीला एक गुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं.

त्यानंतरचे दहा महिने तिचं बोलणं म्हणजे दूधवाल्याला 'आज एकच लिटर' आणि भाजीवालीला 'कालची नको'. आवाज नुसता बसून होता. तिला परत कुणीतरी ऐकायला हवं होतं, बाकी काही नको होतं. त्यामुळे अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाला नवे आवाज हवे आहेत, हे कळल्यावर तिनं त्याच दिवशी अर्ज केला. चार पानांचा एक उतारा वाचून नमुना पाठवायचा होता. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालणार नाही, कॉम्प्युटरला जोडलेला माइक हवा, ही पहिलीच अट. दुसरी अट, नमुने फार तर तीन.

दोन नमुने पाठवून झाले होते आणि दोन्हींवर एकच शेरा आला होता. 'उच्चार स्वच्छ आहेत. मात्र मागे पंख्यांची घरघर इतकी आहे की वाचन कसं आहे ते सांगता येत नाही.' दुसऱ्या शेऱ्याखाली आणखी एक ओळ होती. 'तिसरा व शेवटचा नमुना शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावा.' हे पत्र बुधवारी सकाळी आलं.

घरघर खरीच होती. कॉम्प्युटर मूळचा भाचीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा. तिनं तो कॉलेजात असताना गेम खेळायला स्वतः जोडला होता आणि नोकरीसाठी परगावी जाताना 'मावशी, तुला राहू दे' म्हणून छोटीच्या टेबलाखाली आणून ठेवला होता. काळा डबा, पुढच्या बाजूला दोन पंखे, मागच्या बाजूला एक, आणि तिन्हींमध्ये रंगीत दिवे. बटण दाबलं की दिवे लुकलुकायचे आणि पंखे असे सुटायचे की टेबलाखालचं पायपुसणं सरकायचं. भाची कानावर हेडफोन चढवून बसायची, तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

बुधवारी दुपारी छोटीनं स्वतःच्या अकलेनं एक उपाय केला. डब्यावर जाड रजई टाकली आणि चारी बाजूंनी खोचली. आवाज निम्म्यावर आला. ती खूश होऊन वाचायला बसली आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर कॉम्प्युटर गुदमरून बंद पडला. रजईखाली हात घातला तर चटका बसला. मग तिनं ताईला फोन केला आणि तिथंच चूक झाली, कारण फोन दाजींनी ऐकला.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तीस वर्षं एका सिनेमा थिएटरची हवा सांभाळत होते. आठशे खुर्च्या, छतापाशी गरम हवा बाहेर फेकणारे चार अवाढव्य पंखे, आणि त्यांच्या जोडीला दाजी. आपल्या कारकिर्दीत एकही प्रेक्षक घामाघूम होऊन बाहेर पडला नाही, हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत सांगत. थिएटर बंद पडून सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते घरातल्या खिडक्या दिवसातून आठ वेळा उघडत आणि लावत, आणि वारा कुठून आहे ते सगळ्यांना कळवत. ताई त्यांना 'हवामान खातं' म्हणायची.

गुरुवारी साडेनऊलाच हवामान खातं चामडी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं. मागून ताई.

"ताई, यांना कशाला दगदग?" छोटी म्हणाली.

"दगदग? काल रात्रीपासून पिशवी उशाशी घेऊन झोपलेत. पंखा म्हटल्यावर नवरदेवासारखे सजलेत बघ."

दाजींनी इकडंतिकडं न बघता गुडघे टेकले, डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढली आणि आत डोकावून तिन्ही पंखे बोटानं फिरवून बघितले. मग विचारलं, "रेग्युलेटर कुठाय?"

"कशाचा?"

"पंख्यांचा. तीन पंखे आहेत, एक तरी बटण असायला हवं की नको? यांचा वेग कोण ठरवतं?"

"कॉम्प्युटर ठरवतो म्हणे. आपला आपण."

दाजींनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. "पंखे आपला वेग आपणच ठरवणार? मग माणूस कशाला?"

हे ते बावीस वर्षांनी यंत्रानं घरी बसवलेल्या बाईला विचारत होते.

दाजींनी पिशवीतून एक गोल खटक्याचा, जुना, वजनदार रेग्युलेटर काढला. थिएटरच्या केबिनमधून निघताना आठवण म्हणून आणलेला. तो या डब्याला कुठं बसेल हे ते चाचपून बघू लागले, तेव्हा ताईनं शहाणपणानं मुलीला फोन लावला. फोनमधून भाचीची किंकाळीच आली. "आई, त्यांना थांबव! ते बारा व्होल्टचे पंखे आहेत. धूर निघेल धूर!"

"हिच्या जन्माआधीपासून मी पंखे चालवतोय," दाजी म्हणाले, पण रेग्युलेटर परत पिशवीत गेला.

मग त्यांनी पंख्यांच्या कडेला कोरलेले बारीक बाण शोधून काढले. हवा कुठून कुठं जाते ते त्या बाणावरून कळतं. पुढचे दोन पंखे हवा आत घेत होते आणि मागचा बाहेर टाकत होता. हे बघून दाजींना हसूच आलं. "खुळेपणा आहे. डबा गरम होतोय, आणि तुम्ही आणखी हवा कोंबताय! गरम हवा बाहेर काढा, विषय संपला. थिएटरात चारही पंखे बाहेर फेकायचे." दोन तास खपून त्यांनी पुढचे दोन्ही पंखे उलटे बसवले. आठ स्क्रू, त्यातले दोन पायपुसण्यात हरवले आणि ताईला सापडले.

कॉम्प्युटर सुरू केला. आवाज कमी व्हायचं नाव नाही, उलट त्यात एक शिट्टी मिसळली. तिन्ही पंखे जीव तोडून बाहेर फेकत होते आणि डबा मिळेल त्या फटीतून टेबलाखालची धूळ आत ओढत होता. दोन दिवस राहिले होते आणि ज्या घरघरीनं तिला दोनदा नापास केलं होतं तिला आता तोंडही फुटलं होतं.

दाजी मात्र खुशीत होते. "बघ, काय जोर आहे!"

ताईनं वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि निमूटपणे डब्याच्या पुढं धरली. पट्टी तिच्याकडं उडाली. मागं धरली, तरी तिच्याकडंच उडाली. "अहो, हे सगळे बाहेरच टाकतायत. आत कोण घेतंय?"

"येते की फटींतून."

"थिएटरात फटींतून यायची?"

थिएटरात खाली दोन्ही बाजूंना जाळीचे मोठे झरोके होते, त्यांतून हवा आत यायची, आणि ते झरोके दाजी स्वतः दर सोमवारी ब्रशनं साफ करायचे. हे ताईला माहीत होतं, कारण सोमवारचे कपडे तिलाच धुवावे लागायचे. दाजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुढचे पंखे पुन्हा होते तसे केले. चूक कबूल करायची त्यांची तीच रीत होती.

संध्याकाळी ती दोघं निघाली तेव्हा छोटी कसंबसं म्हणाली, "दाजी, राहू दे हो. नशिबात नसेल."

"असं कसं?" दाजी चपला घालता घालता म्हणाले. "उद्या येतो."

शुक्रवारी भाचीनं जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला. ताई मोबाइल धरून डब्यापाशी बसली, दाजी आत हात घालून, आणि छोटी टॉर्च घेऊन. भाचीनं मूळ दुखणं सांगितलं. तिन्ही पंख्यांच्या वायरी तिनं तेव्हा घाईघाईत थेट वीजपुरवठ्याच्या डब्याला जोडल्या होत्या. तिथं वेग कमी-जास्त करायची सोयच नसते, पंखा सुरू झाला की पूर्ण दमानं धावतो. वायरी तिथून काढून मुख्य बोर्डावर पंख्यांसाठी असलेल्या पिनांवर लावायच्या, म्हणजे बोर्ड उष्णता बघून वेग ठरवील.

"म्हणजे चूक तुझीच," दाजी म्हणाले.

"हो बाबा, माझीच."

एवढ्यावर दाजींची कळी खुलली. पुढचा अर्धा तास त्यांनी मुलीचं सगळं ऐकलं, पण एका गोष्टीत नाही. बोर्डावर डब्याच्या पंख्यांसाठी दोनच जागा होत्या आणि पंखे तीन. पुढच्या दोघांना एकाच जागेवर जोडायला एक दुतोंडी वायर होती, ती भाचीनं टेबलाच्या खणात ठेवली होती. ती दाजींच्या मनास येईना. एका वायरीवर दोन पंखे हा प्रकार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. तेवढ्यात त्यांना बोर्डाच्या कोपऱ्यात तिसरी जागा दिसली. त्यावर पंप असं लिहिलं होतं. पंपाची जागा म्हणजे सगळ्यांत दणकट असणार, असं ठरवून त्यांनी भाचीला न विचारता तिसरा पंखा तिथं लावून टाकला आणि वर 'झालं' असंही सांगितलं.

बटण दाबलं. घरघर जशीच्या तशी.

"बाबा, तिसरा कुठं लावलात?"

"आपल्या जागेवर."

"आई, कॅमेरा आत ने जरा. आणखी. बाबा! ती जागा पाण्यानं गार करायच्या पंपासाठी असते, तिथं पंखा कायम पूर्ण वेगानं पळतो!"

"तिथं मोकळी जागा होती," दाजी म्हणाले. मोकळी खुर्ची दिसली की बसून घेणाऱ्या प्रेक्षकांना त्यांच्याच थिएटरात तीस वर्षं उठवलं जायचं, हे ताईनं त्यांच्या लक्षात आणून दिलं. दुतोंडी वायर आली, पंखा त्या जागेवरून उठला. पुन्हा बटण. पुन्हा तीच घरघर. छोटीनं हात टेकले आणि टॉर्च बंद करून स्टुलावर बसली. भाचीची सुट्टी संपायला पंधरा मिनिटं उरली होती.

"मावशी, एक राहिलंय. हे तीन पिनांचे पंखे आहेत आणि बोर्डाला वाटतंय की ते चार पिनांचे आहेत. बोर्ड चौथ्या पिनेवरून सांगतोय हळू व्हा, आणि यांना ती पिनच नाही, त्यामुळे ऐकायलाच येत नाहीये. सेटिंग बदलावं लागेल. कॉम्प्युटर बंद करून परत चालू कर आणि चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा."

"डिलीट?" दाजींनी छोटीचा हात धरला. "सगळं पुसून जाईल!"

"काही पुसत नाही, बाबा."

"लिहिलंय ना त्यावर!"

छोटीनं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. काहीच पुसलं गेलं नाही. पडद्यावर निळसर खिडकी उघडली, भाचीनं सांगितलं तसं दोन ठिकाणी टिचकी मारली, चाराचं तीन केलं, आणि टेबलाखालची घरघर कमी कमी होत गेली आणि थांबलीच. तिघंही जागच्या जागी. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता तो ऐकू आला. बावीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ टिकटिकत होतं तेही ऐकू आलं. छोटीनं ताबडतोब उठून त्याचा सेल काढला.

"बंद पडले का गं?" ताईनं कुजबुजत विचारलं. पट्टी धरून बघितली. पट्टी हलकेच जाळीला चिकटली. फिरत होते.

पडद्यावर आता एक आलेख होता. खाली उष्णतेचे आकडे, बाजूला वेगाचे, आणि मधून चढत जाणारी एक रेघ, तिच्यावर चार ठिपके. ठिपका धरून वरखाली सरकवला की तेवढ्या उष्णतेला पंखा तेवढा पळणार. दाजी त्या रेघेकडं बघत बसले. मग म्हणाले, "हाच रेग्युलेटर. चार खटक्यांचा."

"बरोब्बर, बाबा," भाची म्हणाली.

"आमच्याकडं पण चारच खटके होते." दाजींचा आवाज एकदम मऊ झाला. "सिनेमा सुरू व्हायच्या आधी अर्धा तास पूर्ण जोर. माणसं बसली की तिसरा. आणि रडायचा सीन आला की मी केबिनमधून पहिल्यावर आणायचो. पंख्याचा आवाज मध्ये आला तर माणसाला रडू येत नाही. मालकाला हे कधी कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. पण आमच्या थिएटरात लोक जास्त रडायचे."

हे ताईलाही माहीत नव्हतं. ती लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या आपल्या नवऱ्याकडं बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिला काही टोमणा सुचला नाही.

ठिपके दाजींनीच लावले. पहिला त्यांनी पार तळाला नेला, तेव्हा भाची ओरडली की पंखे बंद नाही पडू द्यायचे, म्हणून थोडा वर आणला. पन्नास अंशांपर्यंत हळू, पुढं चढता, आणि शेवटचा ठिपका काही झालं तरी माथ्यावर. सगळं जतन केलं, भाची कामावर गेली, आणि छोटी त्या रात्री दहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

शनिवारी दुपारी दोनला ती वाचायला बसली. ताई आणि दाजी आले होतेच. न येता राहतात कसे? उतारा एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. त्याचा म्हातारा कुत्रा आजारी असतो आणि तो रात्रभर त्याच्याजवळ बसून असतो, एवढीच गोष्ट. छोटीनं घसा साफ केला, पाणी प्यायली, लाल बटण दाबलं आणि वाचलं. खोलीत घरघर नव्हती. वाचून झाल्यावर तिनं विजयी मुद्रेनं दोघांना ऐकवलं.

"रखवालदार. कुत्र्याजवळ. बसून होता," स्पीकरमधून छोटी गरजली. "बाहेर. समुद्र. शांत. होता."

दाजी छताकडं बघू लागले.

"काय झालं?"

"छोटे," ताई म्हणाली, "रागावू नकोस. पण कुत्रा फलाट क्रमांक चारवर लागल्यासारखं वाटतंय."

छोटीनं परत ऐकलं. ताई खोटं बोलत नव्हती. दर दोन शब्दांनंतर ती थांबत होती, दर वाक्याच्या शेवटी सूर चढवत होती, आणि आवाज एवढा होता की समुद्र शांत राहणं शक्यच नव्हतं. बावीस वर्षं ती हॉर्नवरून, इंजिनांवरून, माणसांच्या गलक्यावरून बोलत आली होती. गेल्या दोन नमुन्यांत पंख्यांवरून बोलत होती. आता वर चढायला खाली काही उरलं नव्हतं आणि आवाज एकटाच उंचावर उभा होता.

म्हणजे घरघर गेली आणि आता नापास करायला फक्त ती स्वतः उरली. इतके दिवस दोष पंख्यांना देता येत होता. 

ती परत बसली. हळू वाचलं तर आजाऱ्यासारखं वाटलं. भराभर वाचलं तर गाडी चुकतेय असं वाटलं. ताईनं सांगितलं म्हणून हसत हसत वाचलं, तेव्हा कुत्रा मरायला टेकलाय याचा रखवालदाराला आनंद झालाय असं वाटलं. सात वेळा वाचलं, सात वेळा पुसलं. सव्वाचार वाजले आणि छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाजी तिच्याजवळ येऊन उभे राहिले. एकदा तिच्याकडं, एकदा डब्याकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "पंखे जरा वाढवू का गं?"

छोटीला हसू आलं आणि रडूही आलं. तीन दिवस कंबर मोडून मिळवलेली शांतता हा माणूस तिला बरं वाटावं म्हणून परत द्यायला निघाला होता. "नको, दाजी. तुम्ही बसा."

ताई चहा टाकायला आत गेली आणि दार ओढून घेतलं. दाजी डब्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. आलेखावर त्यांचा अजून पुरता विश्वास नव्हता. मशीन तापतंय का ते हातानं कळलं पाहिजे म्हणून त्यांनी डब्यावर पंजा टेकवून ठेवला. छोटी डोळे मिटून पाच मिनिटं नुसती बसली. साडेचार झाले. आता एकदाच वाचण्यापुरता वेळ होता. तिनं लाल बटण दाबलं, कागद उचलला, तोंड उघडलं आणि तिची नजर दाजींवर गेली.

दाजी झोपले होते. दोन दिवस वाकून स्क्रू पिळलेला सत्तरीचा माणूस, हनुवटी छातीवर, पंजा अजून डब्यावर. झोपेतही पंजा सुटला नव्हता.

त्यांना जाग येईल म्हणून छोटीनं आवाज खाली आणला. एवढंच. मुद्दाम काही केलं नाही. रखवालदार कुत्र्याजवळ बसून होता, हे तिनं दाजींना जाग न आणता त्यांनाच सांगितलं. वाक्य मध्ये तोडलं तर ते दचकतील, म्हणून तोडलं नाही. सूर चढवला तर ते डोळे उघडतील, म्हणून चढवला नाही. कुत्र्यानं एकदा मान वर केली आणि पुन्हा पायांवर ठेवली, तिथं ती इतकी हळू झाली की पुढच्या ओळीआधी तिला स्वतःलाच थांबावं लागलं. चार पानं झाली. तिनं श्वास रोखून बटण दाबलं आणि ऐकायला वेळ नव्हता म्हणून न ऐकताच नमुना पाठवून दिला. पाच वाजायला अकरा मिनिटं होती.

रात्री ऐकून बघेन, असं ती म्हणाली, पण तिला धीर झाला नाही. रविवारीही झाला नाही.

मंगळवारी दुपारी ताई आणि दाजी तिच्याकडं असतानाच फोन आला. ग्रंथालयाचे परीक्षक होते, स्वतः अंध, आवाज शांत. छोटीनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, म्हणजे तिघांनाही ऐकू येईल.

"बाई, तुमचा तिसरा नमुना ऐकला. पंखे गेले."

"हो."

"पण मागं आवाज आहे."

छोटीनं ताईकडं बघितलं. ताईनं तिचा खांदा धरला.

"कुणीतरी झोपलंय तुमच्याजवळ," परीक्षक म्हणाले. "संथ श्वास आहे. वयस्कर गृहस्थ असावेत. दुसऱ्या परिच्छेदापासून ऐकू येतोय."

"माफ करा, साहेब. मला खरंच... एकदा परत पाठवू का?"

"नको. परत पाठवाल ते असं होणार नाही. बाई, मी अकरा वर्षं नमुने ऐकतोय. सगळे मला वाचून दाखवतात. तुम्ही त्यांची झोप मोडू नये म्हणून वाचलंत, ते मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मीही झोपलो." ते हसले. "पुस्तक पाठवतोय. साडेतीनशे पानं आहेत, दोन महिने लागतील. एकच विचारायचं होतं, ते गृहस्थ रोज येऊ शकतील का? माइकपासून जरा लांब बसवा, म्हणजे झालं."

छोटीनं ओल्या डोळ्यांनी दाजींकडं बघितलं.

दाजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी झोपलो नव्हतो," ते फोनपासून तोंड वळवून म्हणाले. "डोळे मिटून हवा बघत होतो. तीस वर्षांत कामावर झोपलो नाही मी." आणि मग, ताईकडं न बघता, छोटीच्या कानाशी वाकून म्हणाले, "किती वाजता यायचं, विचार त्यांना."